बादलीतला त्रिताल

(ट्रॅकर सॉफ्टवेअरवर संगीत कसं करायचं, याची तोंडओळख)

तृतीय वर्ष, अणुविद्युत आणि दूरसंचार

"काय गं, रात्री दीड वाजता एक्सेल उघडून काय बसलीयस? सबमिशन तर परवा आहे ना?"

रूममेटचा हा प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या स्क्रीनवर चार उभे रकाने, त्यात आकडे, अक्षरं, टिंबं, आणि मधून एक पट्टी खाली खाली सरकतेय. मी काही न बोलता हेडफोन तिच्या कानाला लावला. दहा सेकंद ती गप्प. मग म्हणाली, "अगं, ही तर आपली बाथरूममधली बादली!"

बरोबर ओळखलं तिने. बादलीच होती, आणि त्रितालात वाजत होती. ते आकडे म्हणजे हिशेब नव्हता, ते संगीत होतं. अशा सॉफ्टवेअरला 'ट्रॅकर' म्हणतात. ज्यांनी आयुष्यात एकही वाद्य हातात धरलेलं नाही, ज्यांच्या खिशात मेसबिल भरल्यावर फारसं काही उरत नाही आणि ज्यांचा लॅपटॉप माझ्यासारखाच मावसभावाने वापरून टाकलेला आहे, अशा सर्वांसाठी हा लेख.

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठी हा माझ्यासाठी शंभर मार्कांचा एक पेपर होता, बाकी सगळं इंग्रजीत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात अजूनही माझा गोंधळ होतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांना बोला, मला नको.

तर झालं असं. जानेवारीत आमच्या कॉलेजची एकांकिका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत होती. विषय पाणीटंचाई. पहाटे नळावर लागलेली रांग, बायका, हंडे, भांडणं. पार्श्वसंगीत जो मुलगा करणार होता तो ऐन वेळी इंटर्नशिपला गेला आणि त्याचा कीबोर्डही त्याच्याबरोबर गेला. सिनेमातलं रेडिमेड संगीत वापरलं तर मार्क कापणार, असा नियम. दिग्दर्शक म्हणाला, "तू शाळेत क्वायरमध्ये होतीस ना? मग संगीत तुझ्याकडे." क्वायरमध्ये मी तिसऱ्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे, हे सांगायची हिंमत झाली नाही.

आधी मी संगीत करायचं एक मोठं, महागडं सॉफ्टवेअर डेमो म्हणून टाकून पाहिलं. लॅपटॉपचा पंखा असा घुमायला लागला की शेजारच्या खोलीतल्या मुली विचारायला आल्या. स्क्रीनभर गोल गोल बटणं, आणि मला 'सा' कुठे आहे तेही सापडेना. शेवटी आमच्या मजल्यावरच्या एका सिनियर ताईने पेनड्राइव्ह दिला. म्हणाली, "तुला प्रोग्रॅमिंग येतं ना? मग हे येईल."

तिचं म्हणणं खरं निघालं. आता सविस्तर सांगते.

ट्रॅकरमध्ये वेळ वरून खाली जातो. आपण वहीत जसं वरून खाली लिहितो तसं. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे वेळेचा एक छोटा तुकडा. प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक चॅनेल, आणि एका चॅनेलमध्ये एका वेळी एकच आवाज वाजतो. ओळ आणि रकाना जिथे मिळतात त्या चौकटीत तुम्ही तीन गोष्टी लिहिता: कुठला सूर, कुठला आवाज (म्हणजे कितव्या नंबरचं सॅम्पल), आणि त्या आवाजाचं काय करायचं ती आज्ञा. अशा ६४ ओळींचं एक पान होतं, त्याला पॅटर्न म्हणतात. कुठला पॅटर्न कधी वाजवायचा याची एक वेगळी यादी असते. आपल्या मेसच्या फळ्यासारखी: सोमवारी मटकी, मंगळवारी मटकी, बुधवारी बटाटा, गुरुवारी परत मटकी. भाज्या दोनच, पण आठवडा भरतो. पॅटर्न ०, ०, १, ० असं लिहिलं की गाणं लांब होतं, नव्याने काही लिहावं लागत नाही. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी याला फंक्शन कॉल समजावं.

ही कल्पना आजची नाही. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरने कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' नावाचं सॉफ्टवेअर केलं. अमिगात आवाजासाठी पॉला नावाची चिप होती आणि ती एका वेळी चार आवाज वाजवू शकायची, तेही ८ बिटचे. म्हणून चार रकाने. विक्रीच्या दृष्टीने ते सॉफ्टवेअर काही फार चाललं नाही, पण हौशी पोरांनी त्याचा कोड उलगडून आपापल्या सुधारित आवृत्त्या काढल्या. १९८९ मध्ये नॉइजट्रॅकर, १९९० मध्ये प्रोट्रॅकर. पुढे पीसीवर स्क्रीम ट्रॅकर ३, फास्टट्रॅकर २, इम्पल्स ट्रॅकर. १९९३ साली फिनलंडच्या फ्यूचर क्रू या गटाने 'सेकंड रिअॅलिटी' नावाचा जो प्रसिद्ध डेमो केला त्याचं संगीत ट्रॅकरमधलं. 'अनरियल' (१९९८) आणि 'डेउस एक्स' (२०००) या गेम्सचं संगीतही तसंच. ज्याची गाणी आपल्या गॅदरिंगच्या डीजेवर वाजतात त्या कॅल्विन हॅरिसने २००७ चा आपला पहिला अल्बम अमिगावर ऑक्टामेड नावाच्या ट्रॅकरने केला. म्हणजे आपण काही अगदीच खुळ्यासारखं करत नाही, एवढं घरी सांगायला हरकत नाही.

आता आज काय वापरायचं? विंडोज असेल तर ओपनएमपीटी घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि जुन्यात जुन्या मशिनवर चालतं. लिनक्स किंवा मॅक असेल तर मिल्कीट्रॅकर, तेही फुकट. रेनॉइज नावाचं एक देखणं आणि फार ताकदवान ट्रॅकर आहे, पण ते विकत घ्यावं लागतं, आणि त्याच्या डेमोतून वॅव्ह फाइल काढता येत नाही. मोबाइलवरच करायचं असेल तर सनव्हॉक्स आहे, पण त्याचं तंत्र थोडं निराळं. सुरुवात पहिल्या दोनपैकी एकाने करा.

पहिल्याच संध्याकाळी डोकं फिरवणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मिल्कीट्रॅकरमध्ये संगणकाचा कीबोर्ड पियानोसारखा वागतो: खालच्या झेड-एक्स-सी च्या रांगेत पांढऱ्या पट्ट्या, तिच्या वरच्या रांगेत काळ्या. ओपनएमपीटीमध्ये मूळ मांडणी तशी नसते, तिथे क्यू पासून एका सरळ रांगेत बारा सूर येतात. मी एकाची माहिती वाचून दुसऱ्यावर बोटं मारत बसले होते. सेटिंगमध्ये जाऊन पियानोची मांडणी निवडता येते. आणि सूर लिहिला जात नसेल तर लिहायचा मोड बंद आहे असं समजा, सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही.

आता बादली.

ट्रॅकरमध्ये वाद्यं नसतात, आवाजाचे छोटे तुकडे असतात. तेच सॅम्पल. इंटरनेटवर हवे तेवढे तयार मिळतात. पण एकांकिका नळावरच्या रांगेची होती, आणि हॉस्टेलमध्ये रोज सकाळी सहाला तेच नाटक फुकटात चालू असतं. म्हणून ठरवलं, आवाज इथलेच घ्यायचे. प्लॅस्टिकची बादली पालथी घालून तळव्याने मारली तर डग्ग्यासारखा घुमारा येतो. स्टीलच्या ताटाच्या काठावर चमचा मारला की चाट. अर्ध्या भरलेल्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बासरीचा लांबचा नातेवाईक. आणि नळातून थेंब, तो तर आमचा नळ कायमच देतो.

मेसच्या मावशींकडे ताट मागायला गेले तर म्हणाल्या, "घेऊन जा, पण वाजवून पोचे पाडू नको." तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी ताट खाली टेकवलं नाही, दोरीने लटकवलं. त्याने आवाजही जास्त वेळ घुमला. मोबाइलने रेकॉर्ड केलं, पहाटे तीनला, कारण त्या वेळी फक्त कुत्री जागी असतात. मग ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पुढची-मागची शांतता कापली. ही कापाकापी नीट करा. आवाजाच्या आधी एक दशांश सेकंद जरी शांतता राहिली तरी प्रत्येक ठोका उशिरा पडतो आणि आपल्याला वाटतं, आपल्याला तालच कळत नाही. मी दोन दिवस तसंच समजत होते.

पुढे खरी गंमत झाली. बादली ट्रॅकरमध्ये घातली, वाजवली, आणि आवाज आला देवळाच्या घंटेसारखा, घोंऽऽग. कारण असं की मी फाइल 'मॉड' या सर्वात जुन्या प्रकारात करत होते, आणि त्या प्रकारात सॅम्पल मुळात कुठल्या वेगाने रेकॉर्ड केलंय हे लिहायला जागाच नसते. मधल्या सप्तकातला 'सी' दाबला की ते सॅम्पल सेकंदाला सुमारे ८,३०० नमुन्यांच्या वेगाने वाजतं, एवढंच त्याला माहीत. माझ्या मोबाइलने रेकॉर्ड केलं होतं ४४,१०० ने. म्हणजे बादली पाच पटींहून हळू वाजत होती. मग सॅम्पल आधी १६,६०० वर आणलं आणि एक सप्तक वरचा सूर लिहिला, की बादली पुन्हा बादलीसारखी. (नायक्विस्टचा धडा आठवा: १६,६०० म्हणजे ८,३०० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. ताटाची थोडी चमक खरंच गेली. पण ते जुनाट, धुरकट झालेलं मला जास्त आवडलं.) ही कटकट नको असेल तर फाइल 'एक्सएम' किंवा 'आयटी' प्रकारात करा, त्यात तो वेग नीट सांभाळला जातो.

यातूनच ट्रॅकरचं मूळ तत्त्व कळतं. सूर बदलणं म्हणजे वाजवायचा वेग बदलणं, बस्. वेग दुप्पट केला की आवाज एक सप्तक वर जातो आणि अर्ध्या वेळात संपतो. मधल्या बारा पायऱ्या समान गुणोत्तराच्या, म्हणजे प्रत्येक पायरीला वेग २ च्या बाराव्या मुळाने, सुमारे १.०५९५ ने गुणायचा. बाटलीतली एक फुंकर एकदाच रेकॉर्ड केली आणि तिच्यातून अख्खं सप्तक काढलं. फार वर नेलं तर चिमणीसारखी चिवचिवते, फार खाली नेलं तर म्हशीसारखी. मधल्या पाच-सहा सुरांत राहिलं की ठीक.

आता ताल, माझा सगळ्यात आवडता भाग.

ट्रॅकरमध्ये वेळ मोजायला दोन आकडे असतात, स्पीड आणि टेम्पो. ठरलेले आकडे ६ आणि १२५. एक 'टिक' म्हणजे २.५ भागिले टेम्पो इतके सेकंद, म्हणजे ०.०२. एका ओळीत ६ टिक, म्हणजे ०.१२ सेकंद. चार ओळींचा एक ठोका धरला तर ०.४८ सेकंद, म्हणजे मिनिटाला बरोबर १२५ ठोके. स्पीड ६ च ठेवून टेम्पो बदलला की तो आकडा म्हणजेच मिनिटाला तेवढ्या मात्रा. नळावरच्या पहाटेला १२५ फार घाई होत होती, म्हणून मी ९० केला.

आणि पॅटर्न ६४ ओळींचा. चार ओळींची एक मात्रा धरा. ६४ भागिले ४ किती? १६. त्रिताल! ज्या ओबार्स्कीने हे बनवलं त्याने त्रितालाचा विचार नक्कीच केलेला नव्हता, पण एक पॅटर्न म्हणजे बरोबर एक आवर्तन. याहून मजा म्हणजे ओळींचे आकडे हेक्साडेसिमलमध्ये दाखवले तर चारही खंड अगदी गोल आकड्यांवर सुरू होतात. सम ०० वर, दुसरी टाळी १० वर, खाली २० वर, तिसरी टाळी ३० वर. मला तबल्यातलं काहीही येत नाही, पण खाली कुठे आहे ते स्क्रीनवर दिसत होतं.

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. यातले धा आणि धिं म्हणजे दोन्ही हात, तिं आणि ता म्हणजे फक्त उजवा. म्हणून मी ताट चॅनेल १ मध्ये सोळाही मात्रांवर लिहिलं आणि बादली चॅनेल २ मध्ये लिहिताना दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत गाळली. हेक्समध्ये ओळ २४ ते ३३ डग्गा गप्प, ३४ ला परत हजर. सुरुवातीच्या ओळी अशा दिसतात:

०० | सी-६ ०१ सी४० | सी-६ ०२ सी४०
०१ | ... .. ... | ... .. ...
०२ | ... .. ... | ... .. ...
०३ | ... .. ... | ... .. ...
०४ | सी-६ ०१ सी२० | सी-६ ०२ सी३०

पहिला 'सी' सुराचा, पुढचा आकडा सॅम्पलचा नंबर, आणि शेवटचा 'सी' म्हणजे आवाज किती मोठा ही आज्ञा. हेक्समध्ये ४० म्हणजे ६४, पूर्ण आवाज. २० म्हणजे अर्धा. सगळे ठोके ४० वर ठेवले तर बादली हातोड्यासारखी वाजते. समेवर पूर्ण, बाकी कमी-जास्त केलं की माणसाने वाजवल्यासारखं वाटायला लागतं. माझा सगळ्यात जास्त वेळ या एका रकान्यात गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

झपताल हवा? दहा मात्रा, चाळीस ओळी. मॉडमध्ये पॅटर्न लहान करता येत नाही, पण चाळिसाव्या ओळीत, म्हणजे शून्यापासून मोजून ३९ व्या, 'डी००' ही आज्ञा लिहिली की वाजवणारी पट्टी उरलेलं पान सोडून पुढच्या पॅटर्नवर उडी मारते. रूपकाला सात मात्रा, २८ ओळी, तीच युक्ती.

आज्ञांची यादी मोठी आहे, पण पाठ करू नका. मी अख्ख्या एकांकिकेत पाच वापरल्या. 'एफ' ने स्पीड आणि टेम्पो ठरतो: पुढचा आकडा हेक्स २० पेक्षा लहान असेल तर स्पीड, २० किंवा मोठा असेल तर टेम्पो. म्हणून माझ्या ९० साठी 'एफ५ए'. 'सी' आणि 'डी' वर सांगितल्याच. 'ए' ने आवाज हळूहळू वाढतो किंवा विरतो. आणि '३', ही माझी लाडकी. नवा सूर लिहून तिच्यापुढे ३ ची आज्ञा दिली की आवाज नव्याने सुरू होत नाही, आधीचाच सूर घसरत नव्या सुरावर जातो. मींड! बाटलीच्या फुंकरीवर ती लावली तेव्हा रूममेटने अंथरुणातून डोकं वर काढून विचारलं, "हे कोण रडतंय?" म्हणजे जमलं होतं.

एक छोटी लबाडीही आहे. सगळ्या ओळी समान लांबीच्या असल्या की वाजवणं यंत्रासारखं होतं. मग एका ओळीला स्पीड ७ आणि पुढच्या ओळीला ५ द्यायचा, असं आलटून पालटून. दोन्ही मिळून १२ च, म्हणजे लय तीच राहते, पण चाल डुलायला लागते.

आता आकारमान पाहा, कारण आपण इंजिनियर. मॉडमधला एक पॅटर्न म्हणजे ६४ ओळी, ४ चॅनेल, प्रत्येक चौकटीला ४ बाइट: बरोबर १०२४ बाइट. टेम्पो ९० ला चार आवर्तनं म्हणजे सुमारे ४३ सेकंद. सीडीच्या दर्जाच्या वॅव्ह फाइलमध्ये त्याला साडेसात एमबी लागतात. माझी मॉड फाइल सॅम्पलसकट ६० केबीच्या आत होती.

पण आकारापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. एमपी३ म्हणजे शिजलेली आमटी. चव घ्या, छान म्हणा, पण आत काय घातलंय ते विचारू नका. मॉड फाइल म्हणजे आमटीबरोबर तिची कृती, आणि वर मिसळणाचा डबाही. कुणाचंही गाणं ट्रॅकरमध्ये उघडा, सगळे आवाज, सगळे पॅटर्न, सगळ्या आज्ञा समोर. हा घुमारा कसा आणला? जा त्या ओळीवर आणि बघ. नव्वदच्या दशकात युरोपातली शाळकरी पोरं क्लास न लावता संगीत शिकली ती अशीच, एकमेकांच्या फायली उघडून. 'मॉड आर्काइव्ह' नावाचा मोठा संग्रह १९९६ पासून आहे, त्यातून कुठलीही फाइल उतरवून घ्या आणि पहिला आठवडा फक्त बघत ऐका. एक चॅनेल बंद करा, काय गेलं ते ऐका. मग दुसरा. मी तर म्हणेन, स्वतःचं काही लिहायच्या आधी हेच करा. मात्र दुसऱ्याचं सॅम्पल घेतलंत तर तसं लिहा, आणि स्पर्धेत वगैरे वापरण्याआधी त्याची परवानगी आहे का ते पाहा.

माझी फजिती सांगायची राहिली.

रंगीत तालीम, स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी. सभागृहात दिवे गेले, पहिल्या बाईने हंडा ठेवला, मी प्ले दाबलं. स्पीकरमधून आलं नुसतं ताट. टिण् टिण् टिण् टिण्. मधून बाटलीची फुंकर. बादली नाही, थेंब नाही. दिग्दर्शक अंधारातून ओरडला, "तुझी बादली गेली कुठे?" मी लॅपटॉपवर पाहिलं, चॅनेल २ ची पट्टी मस्त उड्या मारत होती. हेडफोन लावला, बादली होती. हेडफोन काढला, बादली नव्हती. रडू यायचंच बाकी होतं.

साउंडवाल्या काकांनी वायर दाखवली तेव्हा उलगडा झाला. सभागृहाच्या मिक्सरमध्ये माझ्या लॅपटॉपची फक्त डावी बाजू जात होती. आणि अमिगाच्या चिपमध्ये चॅनेल १ आणि ४ पूर्ण डावीकडे, २ आणि ३ पूर्ण उजवीकडे जोडलेले असायचे. ट्रॅकरमध्ये ही मांडणी कमी-जास्त करता येते, पण हेडफोनवर भारी वाटतं म्हणून मी हट्टाने तशीच कडक ठेवली होती. १९८७ सालच्या चिपची सवय आमच्या सभागृहात येऊन अर्धं संगीत खाऊन गेली.

हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद. रेक्टर मॅडमना फोन करून दहा मिनिटं मागितली, त्यांनी दिली (मॅडम, थँक्यू). खोलीत येऊन चारही चॅनेल मध्यावर आणले आणि मोनो वॅव्ह काढली. तर चारही आवाज एकमेकांवर चढून समेवर कर्रर्र असं फाटायला लागलं. बेरीज आहे ती, मर्यादेबाहेर जाणारच. एकूण आवाज खाली आणला, मग इअरफोनचं एकच टोक कानात घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं. तेव्हापासून माझा नियम आहे: कुठेही वाजवायला देताना मॉड फाइल द्यायची नाही, वॅव्ह द्यायची, कारण वेगवेगळे प्लेअर त्याच आज्ञा थोड्या वेगळ्या वाजवतात. आणि एका कानाने ऐकल्याशिवाय तर नाहीच. आणखी एक, प्रत्येक बदलाला फाइल नव्या नावाने साठवा. माझ्या फोल्डरमध्ये नळ०१ पासून नळ३७ पर्यंत आहेत, आणि नाटकात वाजली ती नळ३७, पण तिच्यातली मींड नळ२२ मधून परत आणलेली आहे.

दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला. बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी नंतर विचारलं की तबला कुणी वाजवला. मी म्हटलं, "सर, बादली आहे." त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतेय.

ती फाइल मी मजल्यावर सगळ्यांना देऊन टाकली आहे, ज्यांना हवी त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावं. गेल्या महिन्यात फर्स्ट इयरची एक मुलगी घेऊन गेली होती. परवा तिने परत पाठवली. उघडून पाहते तर त्रितालाचा झपताल केलेला, ३९ व्या ओळीत डी००, आणि बादलीचं सॅम्पल बदललेलं. मॉडमध्ये प्रत्येक सॅम्पलच्या नावाला २२ अक्षरांची जागा असते, आणि जुन्या काळापासून लोक तिथे नावाऐवजी निरोप लिहितात. हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण सॅम्पल ०२ च्या जागी तिने रोमन अक्षरांत लिहिलं होतं: ताई, लोखंडी घेतली.